सहाशे तास

एम.ए. झाल्यावर पुन्हा दोन वर्षं,
चौसष्ट क्रेडिट्स, पंच्याहत्तर टक्के हजेरी,
आणि मुलांसोबत सहाशे तास,
प्रत्येक तासाखाली मार्गदर्शकांची सही.

मला अकरा कमी पडतायत.

कर्वे रस्त्यावरची शाळा, जिन्याखालची खोली.
पाचवीतला इंद्रनील गायधनी
अकरा मंगळवार माझ्यासमोर बसून
पेन्सिली तासत राहिला.
शब्द एक नाही.

"संवाद नाही, तर तास कसा धरायचा?"
ढवळीकर मॅडम म्हणाल्या, शाईपेनाचं टोपण लावत.

गणेशखिंडीच्या सिग्नलला रुमाल शोधताना
पर्सच्या तळाशी हाताला लागलं
न तुटलेलं, लाल काठाचं साल,
शेवटच्या मंगळवारी त्यानं
माझ्या तळहातावर ठेवलेलं.

लॉगबुकात चिकटवलंय,
पान क्रमांक एकशे बारा.
खाली सहीची जागा सोडून.