पंचनाम्याच्या समासात

वेळ दुपारी चार वाजून वीस मिनिटे.
ठिकाण मिरज, एस. टी. स्टँडसमोरची बोळ,
चष्म्याच्या दुकानावरचा मजला. जिना लाकडी.
सातवी पायरी मोडकी,
पण ती पंचनाम्यात नाही, मी अडखळले म्हणून सांगते.

हजर : बिरनाळेसाहेब,
दोन पंच. एक खालचा चहावाला,
दुसरा कवठ्याहून चष्मा न्यायला आलेला,
चष्मा हातात पडायच्या आधीच वर आणलेला.
"मला अक्षर दिसत नाही ओ."
"सही येते न्हवं?" साहेब म्हणाले.
आणि मी, लिहिणारी.

जप्त माल येणेप्रमाणे :
संगणक दोन. छपाईचं यंत्र एक.
कागदाची गुंडाळी, निम्मी वापरलेली.
खुर्च्या अकरा, एकीचा पाय तारेनं बांधलेला.
रोख चार हजार तीनशे दहा.
परवाना भिंतीवर, काचेच्या चौकटीत,
ताजा हार घातलेला,
मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.

दर पंधरा मिनिटांनी सोडत.
आम्हाला बघून माणसं भिंतीला लागली
वही विसरलेल्या पोरांसारखी.
बसून राहिला तो एकटा गुलाब नदाफ,
दवाखान्यातला वॉर्डबॉय, निळ्या कपड्यांवरच आलेला.
हा खाटांचे नंबर लावतो.
"बरं होऊन माणूस घरी गेलं की त्याची खाट, ताई.
मेलेल्याची कधी लावत नाही.
आज एकतीसची म्हातारी चालत गेली, जयसिंगपूरची.
स्वतःच्या पायांनी."
पन्नास रुपये एकतिसावर.
पावणेपाचची सोडत.

साहेबांनी घड्याळ बघितलं नसावं.
चार चव्वेचाळीसला त्यांनी प्लग काढला.

पडदा काळा झाला आणि त्यात
आम्ही सगळे दिसलो, जरा लांबट.

माझे अप्पा कागदी तिकिटं विकायचे.
सांगलीत, गणपती पेठेत,
सायकलच्या हँडलला फळी, फळीवर चिमटे,
हळदीच्या गाड्या गेल्या की सगळे आकडे पिवळे.
न खपलेली तिकिटं सोडतीदिवशी बाराच्या आत
एजंटाकडे परत करायची, कोपरा कापून.
एका दिवाळीला सात परत केली.
पुढच्या सकाळी पेपर उघडला :
सातातलं पाचवं.
आईनं थापलेली भाकरी परातीतच सुकली.
अप्पा म्हणाले,
"आपलं नव्हतंच ते. कोपरा मीच कापला की."
त्या कात्रीनं पुढं घरात कुणी काही कापलं नाही.
टाकूनही दिली नाही कुणी.

अप्पांना निदान आकडा कळला.
गुलाब नदाफला कोण सांगणार,
चार पंचेचाळीसला
त्या विझलेल्या काचेमागं काय यायचं होतं?
एकतीस आलंच नसतं, असं साहेबांनाही म्हणता येईना.
आलं असतं, असं मला.

दाराला कुलूप, कुलपाला कापड,
कापडावर लाख वितळवून शिक्का.
चहावाला वाकून बघत म्हणाला,
"इतक्या वर्षांत हितं लाख
पहिल्यांदाच बघतोय मी."
हसलो आम्ही. नदाफही हसला.
मग त्याचं तिकीट पुराव्याला घेतलं.
असल्या कागदावरची अक्षरं थोड्या महिन्यांत उडून जातात,
सुनावणीपर्यंत कोरा कागद उरेल लखोट्यात,
त्यावर माझा अनुक्रमांक : नऊ.

"सरकारचं पण असतंय न्हवं, ताई? कागदाचं?"
"असतं."
"मग त्यात खाट लावू?"
मी जिन्याकडं बघितलं.
"सातवी पायरी जपून," म्हणाले.

रात्री अप्पांना सगळं सांगितलं.
कुठला आकडा आला असता, असं ते विचारतील
असं वाटलं होतं मला.
त्यांनी कवळी वाटीत ठेवली, पाण्यात बुडाली का बघितलं,
आणि बोळक्या तोंडानं विचारलं,
"तिकीट काढून घेतलंस,
त्याची पावती दिलीस का त्याला?"