टाइप करत आहे…

पुण्याची गाडी बारा मिनिटं उशिरा.
तेवढ्यात मी माझं नाव सतरा वेळा म्हणून पाहिलं,
पार्सलच्या खोक्यांमागे, खांबाकडे तोंड करून.
मल्लेशम. मल्लेशम येमूल.
खांबाला सांगताना एकदाही अडलं नाही.

चार वर्षं बोलतोय मी यांच्याशी.
रात्री अकराला, टॉवेलच्या गठ्ठ्यांचा हिशेब मिटवून,
पिसांचे, पंज्यांचे, मातीतल्या ठिपकेदार अंड्यांचे फोटो,
आणि खाली माझी लांबलचक, चुरचुरीत वाक्यं.
टिटवी लिहायची, गवताळ, तुमच्यापुढे वकील हरेल.
मी अंगठा दाखवायचो.
अंगठा कधी अडखळत नाही.

उतरले.
टिटवी म्हणजे कुसुमताई दंडगे, दौंडच्या.
एवढ्या मोठ्या दुर्बिणीमागे एवढीशी बाई असेल
असं वाटलं नव्हतं.
वाटाड्या म्हणजे मुबीन अत्तार, बारामतीचा,
ओठांवर नुकती कुठे मिशी,
आणि मी त्याला आजवर सर म्हणत आलो.
नदीकाठ आलीच नाही.
रात्री निरोप होता : सासऱ्यांना दवाखान्यात नेलंय.
तिच्या वाटणीची शेंगाचटणी माझ्या पिशवीत.

‘आणि तुम्ही गवताळ!’ ताई म्हणाल्या.
मी तोंड उघडलं.
म.
म. म.
चहावाल्याने किटली अर्ध्यात थांबवली.
ताईंचे डोळे माझ्या ओठांवर,
मदत करावी की नको, या विचारात.
म.

‘थांबा ताई,’ मुबीन म्हणाला, ‘टाइप करतायत ते.’

मग काय झालं ते नीट आठवत नाही.
त्याचा चेहरा पडला होता, एवढं नक्की.
बोलून गेला होता बिचारा.
पण हसू आधी माझंच फुटलं,
आणि त्या हशाच्या काखेखालून
गर्दीतून पोरगं निसटावं तसं
नाव बाहेर आलं. अख्खं. आडनावासकट.

नान्नजच्या माळावर बोलायचं नसतं.
फेब्रुवारीचं गवत, पिवळंधमक,
मचाणात आम्ही तिघं, गुडघ्याला गुडघा.
मी बोटं वापरली.
अशोक चौकामागे आमच्याकडे
एका पत्र्याखाली चोवीस माग चालायचे,
तिथे तोंडाचा उपयोग फक्त पान खायला.
आई बोटांनीच सांगायची :
धागा तुटला. कांडी संपली.
घरी जा, भात झाकलाय.
मी अडखळतो, हे मला
शाळेत गेल्यावर कळलं.

दुपारपर्यंत दोघं शिकले.
चिमूट ओढली की बघा,
तळवा आडवा की थांबा.
धाविकांची एक जोडी पळत आली, थबकली, पुन्हा पळाली.
एक काळवीट बराच वेळ आमच्याकडे बघत
काहीतरी ठरवत राहिलं.
माळढोक दिसला नाही.
कोणी तसं म्हणालंही नाही.
फक्त ताईंनी पाण्याची बाटली उलटी केली
आणि दोन बोटं फिरवून गंभीरपणे सांगितलं,
कांडी संपली.
मुबीन इतका हसला
की पाखरांचा अख्खा थवा उठला.

रात्री कडक भाकरी, दही, चटणी.
मी बोललो. किती बोललो!
अडत, घसरत, मध्येच वाक्य टाकून देत.
ताई ताटाकडे बघत जेवत राहिल्या,
माझ्या तोंडचा शब्द एकदाही
कोणी उचलून पुरा केला नाही.
मुबीनने तीन भाकऱ्या मोडल्या
आणि विचारलं, काका, पुढे काय झालं?

रविवारी गाडी वेळेवर आली. नको तेव्हा येतेच.
दोघांना एकेक चादर दिली,
ताईंच्या चादरीवर मोर जरा तिरका विणला गेला होता,
त्यांनी तोच निवडला.
नदीकाठची पुडीही त्यांच्याकडेच सोपवली.

घरी पोचायच्या आत फोन वाजला.
निरोप नव्हे. फोन.
चार वर्षांत आम्ही कधी केला नव्हता,
मीच टाळत आलो होतो, कधी चार्जिंग, कधी रेंज.
सात रस्त्याला स्कूटर कडेला घेतली.
उचलला.
पलीकडे कोणी बोलेना.
नुसता रुळांचा आवाज,
चोवीस माग एका लयीत चालावेत तसा,
आणि त्यात दोन माणसं, वाट बघत,
घाई नसलेली.

म, मी म्हणालो.