खाट क्रमांक नऊ

सड्यावरच्या इस्पितळात खिडकीची चौकट
मी दिवसातून दोनदा पुसते.
दुपारपर्यंत पुन्हा काळी.
खाली वास्कोच्या धक्क्यावर कोळसा उतरतो,
आणि वाऱ्याला भेटीची वेळ ठाऊक नसते.

त्याला आणलं तेव्हा रात्रीचे अडीच.
कोळशाच्याच बोटीवरचा, शिडीवरून घसरलेला,
घोटा सुजून शहाळ्याएवढा.
नाव यान्सेन. एजंटाच्या फॉर्मवर
भाषा: इंडोनेशियन. धर्म: एक खूण, अर्धी खोडलेली.
तापात तो एकच शब्द बोलत होता,
रानू. रानू.
मी वहीत लिहिलं: पेशंट रान मागतो.

सकाळी ताप उतरल्यावर त्यानं रिकामा पेला दाखवला.
रानू म्हणजे पाणी.

दुखतं किती? एक ते दहा.
तो आपल्या बोलीत मोजायचा.
तेलू म्हणजे तीन, वालू म्हणजे आठ.
माझ्या कानात तेल आणि वाळू.
पहिल्या दिवशी वाळूच वाळू,
शनिवारी तेलावर आलं.

एस्पेरान्सा कुजबुजली, हे डायाक म्हणजे
मुंडकी कापणारे ना गं?
मी त्याला विचारलं, थोडं मोबाइलवरून, बरंचसं हातांनी.
मुंडक्यांचं नाही, भाषेचं.
तो म्हणाला, डायाक हे नाव इतरांनी ठेवलेलं.
वरच्या अंगाची माणसं, एवढंच.
आम्ही विचारलंस तर नदीचं नाव सांगतो.
एक नदी ओलांडली की बोली बदलते.
घरातली एक, बाजारातली दुसरी, शाळेतली तिसरी,
आणि मेलेल्यांना वाट सांगायची चौथी,
ती फक्त जाणत्या बाईला येते.
आमच्या गावात तशी आता एकच उरली, तिचेही दात गेलेत,
मेलेल्यांना नीट ऐकू जातं की नाही कोण जाणे.

मी म्हटलं, आमच्या घरी भांडण कोंकणीत,
आरती मराठीत,
आणि आजोबा भागाकार पोर्तुगीजमध्ये करायचे.
त्याला काय कळलं देव जाणे. मान डोलावली.

खाट दहावर बोस्त्यांव, ऐंशीचा तारवटी,
नाकात नळी, चाळीस वर्षं दर्यावर काढलेली.
पाचव्या रात्री अंधारातून म्हणाला,
बाये, मादागास्कारांत उदकाक रानो म्हणटात.
तमाताव बंदरात एक बाई घागर घेऊन यायची,
रानो, रानो, ओरडायची. बरी होती दिसायला.

यान्सेन उठून बसला. रानो?
रानो.
त्यानं पंजा उघडून धरला: दिमे.
बोस्त्यांवनं आपला थरथरता पंजा उघडला: दिमी.
मग दोघं मोजत राहिले, चुकत, थांबत,
मधल्या पडद्यापलीकडून खोकला येईपर्यंत.
कोण, कुठल्या होडीत बसून,
एवढा समुद्र ओलांडून गेलं असेल
आणि हे पाच भिजू न देता नेले असतील,
बोस्त्यांवला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.
यान्सेन म्हणाला, गेले होते कुणीतरी.
परत आल्याचं ऐकलं नाही.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज.
कुबडी टेकत तो खिडकीशी गेला
आणि न पुसलेल्या चौकटीवर बोटानं रेघ ओढली,
वळत वळत, शेवटी दोन फाटे.
नदी. इथं घर.
इथं, वरच्या अंगाला, आता खाण.
मग बोटाचं काळं टोक मला दाखवलं,
जसं मूल जीभ दाखवतं डॉक्टरला.

एस्पेरान्सा फडकं घेऊन आली.
मी तिला दुसऱ्या वॉर्डात पाठवलं.
संध्याकाळपर्यंत नदी आपोआपच बुजली.

एजंटाला रिपोर्ट हवा होता. वही चाळताना
पहिल्या रात्रीची ती ओळ दिसली.
खोडायला पेनाचं टोपण काढलं,
तेवढ्यात खाली भोंगा झाला,
पुढची बोट लागली असावी.
मी वही तशीच मिटली.