सा कुठं आहे

दर्यापूर सोडलं की जमीन फाटायला लागते,
मार्च संपायच्या आतच, भेगेत पाय जाईल इतकी.
मिशनच्या दवाखान्यातून मला बोलावणं आलं.
मी पेटी दुरुस्त करणारा. भजनी मंडळांच्या पेट्या,
भाता, कातडं, पितळी स्वर.
तारा हे माझं काम नाही, मी सांगून पाहिलं.
एस्तेरबाई गायगोले म्हणाल्या, "पाहून त घ्या."

झाकण उघडलं तर आत पालीची अंडी,
हातोड्यांची लोकर कसरीनं खाल्लेली,
आणि खालच्या तारांवर गंज.
खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी माणसाला पिववत नाही,
पोलादानं काय करावं?
जुन्या घोंगडीचे तुकडे कापून हातोड्यांना चिकटवले.
तीन दिवस. जेवण त्यांच्याकडेच,
कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी.

चौथ्या दिवशी त्यांनी वही काढली.
पानं चहाच्या रंगाची,
शिसपेन्सिलीनं घातलेले बोटांचे आकडे.
"डॉक्टरबाईची. जाताना ठेवून गेल्या.
लिहिणारा पोरगा होता हो, विशीतला,
शंभराच्या वर वर्षं झाली.
सोनाटा म्हणतात. एकच भाग, संपला की संपला."

तीन सूर वर गेले, अंग चोरून,
आणि लगेच उतरून घरी टेकले.
सापडला सा, मी मनात म्हटलं.
तेवढ्यात कुणी पायाखालची फळी काढून घेतली.
मग मयताच्या घरी बोलतात तसे
सगळे आवाज एकदम,
एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू,
आणि तरी सगळे एकाच माणसाबद्दल.
मी मांडीवर ताल धरू पाहिला.
ताल पुढे पळाला, मग मध्येच बसकण मारून बसला.

"बाई, सा कुठं आहे हो यात?"
बोटं न थांबवता त्या म्हणाल्या,
"हाये न. घाई कायले करता?"

बाहेर गोड्या पाण्याचा टँकर आला होता.
कंपाउंडर शमुवेल नळीखाली बादली धरून उभा,
बादली भरून वाहायला लागली
तरी हलला नाही.

एकदा सगळं इतकं चढलं की वाटलं
सुटणार आता माझी घोंगडी.
सुटली नाही. मग उतरत आलं,
गढीवरून रात्री उतरावं तसं, पाय चाचपत,
आणि अगदी तळाला,
जिची मी हमी दिली नव्हती त्या पट्टीवर,
सा.
किंचित उतरलेला. पण होता.

कुणी बोललं नाही. टँकर केव्हाच गेला होता.
त्यांनी चारशे दिले, मी तीनशे घेतले,
घोंगडी तशीही जुनीच होती.

रात्री घरी पेटी उघडली, भाता दिला,
पांढरी एक दाबली.
सा. लगेच. स्वच्छ.
इतका सहज मिळाला
की बराच वेळ बोट उचललं नाही,
इथून पुढे कुठं जायचं ते ठरेना.