उचकी

सेगेदच्या इस्पितळातून मंगळवारी सव्वातीनला
मेंदूचा एक तुकडा बाहेर पडतो,
साखरेच्या खड्याएवढा, बर्फगार पाण्याच्या बरणीत,
आणि येनो नावाचा पोरगा ती बरणी छातीशी धरून
लिंडनच्या झाडांखालून एका हातानं सायकल हाणतो.
"पडलास कधी?" मी माईक पुढे करते.
"एकदा. गुडघा फुटला.
बरणी नाही."

डॉक्टर एमेशे वार्कोनी आधीच बजावते:
हा दुखणारा भाग नव्हे.
गाठ खोल असते, तिच्यापर्यंत पोचायला
वाटेतलं जे कापावंच लागतं, ते हे.
एरवी भट्टीत गेलं असतं.
इथं अजून दीडेक दिवस जगेल,
मालकाशिवाय.
(मग म्हणाली, "मालक" हा शब्द काढून टाका.
मी मान डोलावली. ठेवलाय.)

काचेची नळी, दिसणार नाही इतकी बारीक,
एका पेशीला टेकते. खोलीतला स्पीकर खरखरतो
आणि लाही फुटावी तसा
टक.
बराच वेळ काही नाही.
टक, टक.
"आम्ही हिला एकदाच ढोसतो," एमेशे कुजबुजते,
झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तशी,
"आणि मोजतो, शेजारपाजारच्या किती जणी जाग्या होतात."
"काय बोलतात त्या?"
"ते तुम्ही विचारायचं. आम्ही फक्त मोजायचं."

बुल्चू केरेस्तेश आकडेमोड करतो, वरच्या मजल्यावर.
अर्धी मुलाखत त्यानं पाव चावत दिली,
ती पुन्हा घ्यावी लागली. दुसऱ्यांदा तो म्हणाला:
आठवण काढली की ती हलते,
परत ठेवताना जरा वेगळी ठेवली जाते.
काही प्रयोग तरी असं सांगतात, काही नाही सांगत.
"म्हणजे जी कधी काढलीच नाही—"
"ती शाबूत असेल कदाचित. पण मग ती आहे
हे कळणार कसं?"
तो हसला. टेपवर माझं हसू नाही.

अकरा वर्षांपूर्वी, याच इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
लेवेन्तेच्या कागदांवर मी सह्या केल्या.
धाकटा भाऊ. सात सह्या.
एका पानावर बारीक अक्षरात होतं,
उरलेला अंश संशोधनासाठी.
वाचलं नव्हतं. पेन नीट चालत नव्हतं, तेवढं लक्षात आहे.
त्यानंतर पाच महिने तो फ्रिजला "तिसा" म्हणायचा,
आणि आम्हीही म्हणायचो, हो, दूध तिसात ठेवलंय,
आणि खिडकीतून खरी तिसा
आपली वाहत असायची, बिनदुधाची.
हे मी काढत नाही सहसा.
खराब होईल म्हणून.

इथं नावं नसतात. वय, बाई की पुरुष, एक आकडा.
जुन्या वह्या कपाटात आहेत, कपाटाला कुलूपही नाही.
मी विचारलं नाही.
माईकची वायर गुंडाळत राहिले, गुंडाळलेलीच.

तेवढ्यात एमेशेला उचकी लागली,
वाक्याच्या मधोमध, "पेशीपटलाचा विद्युतदाब"च्या ऐन दाबावर.
"कोणीतरी आठवण काढतंय," येनो पटकन म्हणाला,
आणि तीन शास्त्रज्ञ, दोन विद्यार्थी
खरोखर क्षणभर विचारात पडले,
कोण असेल.

रात्री स्टुडिओत मी खोकले काढले, आवंढे काढले,
खुर्चीचं कुरकुरणं काढलं.
अकराला येनोचा मेसेज: एक जण अजून बोलतेय.
मी लिहायला घेतलं, तिला म्हणावं,
आणि खोडलं,
आणि पुन्हा लिहिलं, बरं, जेवलास का.

सकाळी निर्मात्याची चिठ्ठी, लाल शाईत:
दोन मिनिटं अकरा सेकंद. उचकी काढा.

ऐकलं परत. दोनदा.
तिच्यामागे, अगदी हळू,
टक.