रोजचे दहा

मी आधी पाणी मागायचो.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
ज्याने तुम्हाला तांब्याभर पाणी दिलं
त्याला तुम्ही भला माणूस वाटू लागता,
नाहीतर त्याने पाणी दिलंच कशाला?

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर
जानेवारीत फिरायचं म्हणजे नाकाला रुमाल.
जमीन लाल, वारा लाल,
बोलता बोलता ठसका लागायचा,
समोरच्याला वाटायचं, गडी गहिवरला.
तेही उपयोगी पडायचं, खोटं कशाला बोलू.

देठ खुडणाऱ्या बायांच्या रांगेत
कौतिकाबाई भोई, बोटांना गोडेतेल चोळून बसलेली.
म्हटलं, मावशी, पैसे नकोत,
पैशाचं बोलायला आलोच नाही,
या कार्डावर फक्त नाव लिहा. तुमच्या हाताने.

साक्षरतेच्या वर्गात तीन महिने बसलेली बाई.
त्यानंतर नाव लिही असं तिला
कुणी म्हटलंच नव्हतं.
'कौ'ला तिने इतका वेळ घेतला
की शेजारच्या बाया खुडायच्या थांबल्या.
चौघी बघत होत्या. मला तेच हवं होतं.
एकट्यात दिलेला शब्द रात्रीतून विरतो,
चारचौघींत दिलेला
घरापर्यंत सोबत येतो, उंबऱ्यात झोपतो.

दुसऱ्या दिवशी दहा रुपये.
तिसऱ्या दिवशी मी गेलो नाही, मुद्दाम.
चौथ्या दिवशी वीस घेऊन ती वाट पाहत होती.

पाच वर्षं.
हंगाम नसला की भोईवाड्यात, तिच्या दारात.
त्या दहासाठी तिने दुपारचा चहा सोडला,
मग म्हणू लागली, चहा मला सोसत नाही,
मग म्हणू लागली, आवडत नव्हताच कधी.
माणूस आधी वागतो आणि मागाहून
स्वतःची ओळख करून घेतो.
मी हे सायकलवरून रोज पाहिलं,
वहीत त्याला रकाना नव्हता.

मग एका सोमवारी पतसंस्थेच्या शटरवर कागद.
चेअरमनच्या बंगल्यात फक्त कुत्रं.
लोक माझ्या घरी आले. शिव्या, आणि एक दगड.
काच बदलली, दगड ठेवलाय अजून.

कौतिकाबाई आली नाही.
आठव्या दिवशी मीच गेलो, पाणी न मागता.
तिने कमरेची पिशवी सोडली,
आठ दिवसांचे ऐंशी मोजले.
मावशी, संस्था बुडाली.
"आयकं मी."
मग हे कशाला?
"शब्द मना शे. संस्थाना नही."

हो म्हणवून घ्यायच्या मला सतरा वाटा ठाऊक,
दिलेला हो परत घ्यायला लावायची
एकही नाही.
आणि त्या चौघी बघत होत्या.
मी ऐंशी घेतले. कार्डावर लिहिले. सही केली.

आता मी वजनकाट्यावर कामाला आहे.
रोज साडेपाचला सुटलो की पथारीवर जातो.
दहा रुपये बिस्किटाच्या डब्यात,
महिनाअखेर माझ्या खिशातून व्याज,
बुडालेल्यातलंही थोडंथोडं,
छापलं होतं तेवढ्याच टक्क्याने.
बायको विचारते, तुम्हाला कुणी बांधून घातलंय?
मी म्हणतो, कुणी नाही.
मी असाच आहे पहिल्यापासून.
म्हणतो आणि जीभ चावतो:
हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय.

काल कार्ड भरलं.
नवं कुठून आणणार? छापणारे तर पळाले.
तिने नातवाची दुरेघी वही पुढे केली,
पहिलं कोरं पान,
आणि पेन्सिल, टोक तिनेच काढलेलं.
"पैसा मांगत नही तुले.
तुनं नाव लिख. बस."

मी उकिडवा बसलो.
पहिल्या अक्षराला मला इतका वेळ लागला
की देठ खुडल्याचा आवाज
हळूहळू थांबला.