येतोय की जातोय

ट्रोम्सो. सूर्य गेलाय, आता जानेवारीत.
उपग्रहाचं त्यावाचून अडत नाही.
आपला उजेड आपणच घेऊन
तो ढगांतून खाली
बारेंट्सच्या पाठीवरून हात फिरवतो.
खरखरीत लागलं, पांढरं.
गुळगुळीत, काळं.
बोटाएवढ्या लाटांच्या शहाऱ्यावरून
सुन्नीवा वारा मोजते:
सेकंदाला चौदा मीटर.

पण येतोय की जातोय?
चित्राला दोन्ही सारखंच.

ती वार्दोला फोन लावते.
"थांब," आई म्हणते. खिडकी करकरते.
"मासळीच्या कारखान्याचा वास घरभर. पूर्वेचा."
सुन्नीवा पूर्व लिहिते.

खाली एक ठिपका.
चालती होडी रडार भलत्याच जागी मांडतं,
पाण्यावरची रेघ एकीकडे,
होडी तिच्यापासून सुटलेली.
वेगाचा हिशेब करून
सुन्नीवा तिला सरकवत
पुन्हा रेघेच्या टोकाशी आणते.

"कुणाची गं?"
"ते नाही दिसत."
"निळी आहे?"
"रंगही नाही."
"मग दिवसभर बघता तरी काय तुम्ही?"
जरा वेळ नुसता वारा, फोनमध्ये.
"आइलीवच असणार. उशिरा निघालाय.
दिसला तर सांग,
डबा इथंच राहिलाय."